वाढणाऱ्या हातांचे आरोग्य

(उपाहारगृहे व मद्यगृहे यांतील कामगारांच्या आरोग्यविषयक प्रश्नांवरील भाषण)



घरच्या पंक्तीत वाढणारा शेवटी जेवतो. आग्रह करावा, कोणाला काय हवे-नको ते पाहावे आणि सर्वांचे आटोपल्यावर स्वतःचे पान मांडावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. सणावारी, लग्नकार्यात ती शोभून दिसते. परंतु वाढणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला ही रीत वर्षाचे बारा महिने पाळावी लागते. इतरांची जेवणाची वेळ ती त्याची कामाची वेळ. इतरांच्या विश्रांतीची सायंकाळ हा त्याच्या सर्वाधिक धावपळीचा काळ. मद्यगृहात नोकरी असेल, तर मध्यरात्रही कामातच जाते. समाजाच्या घड्याळाच्या उलट चालणाऱ्या या कामगाराच्या प्रकृतीवर त्याच्या कामाचा कोणता परिणाम होतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कारखान्यांतील व खाणींतील कामगारांच्या आरोग्याचा विचार आपल्याकडे अनेक वर्षे होत आला आहे. गिरणीतील कापसाच्या तंतूंमुळे फुप्फुसांना होणारा विकार किंवा दगडाच्या धुळीमुळे जडणारा सिलिकोसिस यांना व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्याची मान्यता आहे. हॉटेलातील काम मात्र हलके समजले जाते. तेथे धडधडणारी यंत्रे नाहीत, उंच धुराडे नाही; पोटभर खायला मिळते आणि डोक्यावर छप्पर असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. याच समजुतीने खेड्यापाड्यांतील कित्येक आईबापांनी आपली मुले शहरातील ओळखीच्या हॉटेलात पाठविली. कोकणातून व उडुपी-मंगळूरकडून मुंबईस आलेल्या पिढ्यांनी असेच दिवस काढले. आज झारखंड, ओडिशा, आसाम आणि नेपाळ येथून आलेले तरुण तीच वाट चालत आहेत. हे काम वस्तुतः किती हलके आहे, हे भटारखान्यात आणि मोरीवर जाऊन पाहिल्याशिवाय समजत नाही.

तपासणी कोणासाठी?

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ आणि त्याखालील २०११ चे परवाना व नोंदणीविषयक विनियम यांत अन्न हाताळणाऱ्या कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी, त्याला विषमज्वर व तत्सम रोगांची प्रतिबंधक लस द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी, अशी तरतूद आहे. ही तरतूद सर्वस्वी योग्य आहे. आचाऱ्याला विषमज्वर असेल, तर त्याच्या हातून तो शेकडो लोकांपर्यंत पोहोचू शकतो.

तथापि या तपासणीचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. या कामगारापासून ग्राहकाला कोणता रोग होईल, एवढेच ती प्रामुख्याने पाहते. या कामापासून कामगाराला कोणता रोग होईल, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. त्याला धाप लागते काय, कानांना कमी ऐकू येते काय, पायाच्या शिरा फुगल्या आहेत काय, झोप किती मिळते, हे कोणी विचारत नाही. ग्राहक तासाभरात उठून जातो. वाढपी मात्र त्याच धुरात, त्याच उष्णतेत आणि त्याच गोंगाटात दहा-बारा तास उभा असतो. म्हणून ग्राहकाच्या दृष्टीने सुरक्षित असलेली जागा कामगाराच्या दृष्टीने सुरक्षित असेलच, असे मानता येत नाही.

दुसऱ्याच्या तोंडचा धूर

याचे सर्वांत ठळक उदाहरण तंबाखूच्या धुराचे आहे. या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. सिगारेट ओढणारा स्वखुशीने ओढतो. त्याच्या टेबलाशी उभ्या असलेल्या नोकराला मात्र निवड नसते. कॅनडातील ओटावा येथील हेदर क्रो या महिलेने चाळीसहून अधिक वर्षे उपाहारगृहांत वाढण्याचे काम केले. तिने जन्मात कधी धूम्रपान केले नव्हते. २००२ साली तिला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. कामाच्या जागी नाकातोंडात गेलेला दुसऱ्यांचा धूर हे त्याचे कारण मानून तेथील कामगार नुकसानभरपाई मंडळाने तिचा दावा मान्य केला. उर्वरित आयुष्य तिने इतर कामगारांना सावध करण्यात घालविले आणि २००६ साली ती निवर्तली.

धूर थांबविल्याने काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी १९९८ पासून मद्यगृहांत धूम्रपानास बंदी झाली. सॅन फ्रान्सिस्को येथील ५३ मद्यवाढप्यांची बंदीपूर्वी व बंदीनंतर काही आठवड्यांनी तपासणी करण्यात आली. पूर्वी त्यांपैकी ३९ जणांना खोकला, कफ, धाप यांसारखा काही ना काही त्रास होता. बंदीनंतर या ३९ पैकी २३ जणांचा त्रास नाहीसा झाला. औषध बदलले नव्हते, नोकरी बदलली नव्हती. हवा तेवढी बदलली होती.

आपल्या देशात या दिशेने झालेल्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा, वाचनालये, शासकीय कार्यालये, सार्वजनिक वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने उपाहारगृहांचा समावेश सार्वजनिक ठिकाणांत केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी मद्यगृहे व कामाच्या जागाही स्पष्टपणे त्या कक्षेत आणल्या. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला स्वतंत्र धूम्रपानकक्ष ठेवण्याची मुभा मात्र देण्यात आली. त्या कक्षात पेयांचे तबक घेऊन कोणी जायचे, हा प्रश्न त्यामुळे उरला. २०१७ साली नियमांत दुरुस्ती होऊन अशा कक्षात कोणतीही सेवा पुरविण्यास मनाई करण्यात आली. दुरुस्ती छोटी असली, तरी तिच्यात वाढप्याच्या फुप्फुसांची दखल घेतलेली आहे. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने दारावरील फलकाबरोबर या कक्षातील टेबलांकडेही अवश्य पाहावे.

भट्टी, कढई आणि तंदूर

बाहेरच्या दालनातील धूर थांबला, तरी आतला थांबत नाही. उकळत्या तेलातून निघणारी वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराची गणना मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा द्रव्यांच्या गटात केली आहे. कोळशाच्या तंदुरातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोंदट जागेत काम करणाऱ्याचे डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि तो 'पित्त झाले' असे समजून गोळी घेतो. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत गॅस अथवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. त्यामागील हेतू शहराची हवा सुधारण्याचा होता. परंतु भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा कामगार हाच त्या धुराचा पहिला बळी असतो, हे विसरून चालणार नाही.

उष्णतेचेही तसेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील भटारखाना म्हणजे दुहेरी उन्हाळाच. घामावाटे पाणी व क्षार निघून जातात. पायांत गोळे येतात, चक्कर येते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत लघवीला जाण्यास सवड मिळणार नाही म्हणून काही जण पाणीच कमी पितात. पुढे मूतखड्याचा विकार जडण्यास ते एक कारण होते.

भाजणे, पोळणे आणि चिरणे हे तर नित्याचे. तेलाच्या शिंतोड्यांचे डाग नसलेला वस्तादाचा हात विरळा. भाजल्यावर हळद, शाई किंवा दंतमंजन लावण्याची सवय अद्याप सर्वत्र आढळते. वास्तविक भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरणे हा सर्वांत सोपा व परिणामकारक प्रथमोपचार आहे. बर्फही लावू नये. प्रत्येक स्वयंपाकघरात नळ असतो. उणीव आहे ती माहितीची.

मोरीवरचे हात

हॉटेलातील सर्वांत खालची पायरी म्हणजे मोरीवर भांडी घासणारा कामगार. त्याचे हात दिवसभर पाण्यात, सोड्यात आणि साबणाच्या तीव्र द्रावणात असतात. त्यामुळे त्वचेवरील नैसर्गिक तेलकटपणा जातो, हातांना भेगा पडतात, इसब होते. बोटांना नखुरडे होतात आणि ओल्या जमिनीवर अनवाणी वावरल्याने पायांच्या बोटांत चिखल्या होतात. अशा हातांनी लिंबू चिरणे किंवा मिठाचे डबे भरणे म्हणजे शिक्षाच. दुखणे जिवावरचे नाही म्हणून कोणी त्याची नोंद घेत नाही. परंतु हात सुजले की काम बंद आणि काम बंद की रोज बुडाला, असा त्याचा हिशेब असतो. आतून सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे, पायांत बंद पादत्राणे आणि काम संपल्यावर हात कोरडे करून लावलेले थोडे खोबरेल, एवढ्याने यांतील पुष्कळ त्रास टळू शकतो.

वाढपी व गल्ल्यावरचा मनुष्य यांचे दुखणे निराळे. सतत उभे राहिल्याने पोटऱ्यांतील नीला फुगतात, टाचा दुखतात. जड ताटे एका हातावर तोलल्याने मनगट व खांदा धरतो. गिऱ्हाईक नसताना बसण्यासाठी एक स्टूल असावे, ही मागणी मोठी नाही. मात्र नोकर बसलेला दिसणे म्हणजे शिस्त बिघडणे, असा समज अनेक ठिकाणी रूढ आहे.

रात्र, गोंगाट आणि मद्य

मद्यगृहातील कामगाराच्या वाट्याला यापेक्षा आणखी काही गोष्टी येतात. पहिली म्हणजे जागरण. मध्यरात्रीनंतर काम संपते, आवराआवर होते आणि पहाटे अंथरुणाला पाठ टेकते. झोपेचे व जेवणाचे चक्र असे उलटले की आम्लपित्त, रक्तदाब, मधुमेह यांना वाव मिळतो. शरीराचे दैनिक चक्र बिघडविणाऱ्या रात्रपाळीच्या कामास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये बहुधा कर्करोगकारक ठरविले आणि २०१९ च्या फेरविचारातही तेच मत कायम ठेवले.

दुसरी गोष्ट आवाजाची. अमेरिकेतील व्यवसाय सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसातून जास्तीत जास्त आठ तास सहन करावा. त्यापुढे आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलच्या संगीतात माणसाने केवळ पंधरा मिनिटे थांबावे. नृत्याची हौस असलेला ग्राहक महिन्यातून एखादे वेळी तेथे येतो. तेथील सेवकाला रोज रात्री तेच ऐकावे लागते. आवाजाने आलेला बहिरेपणा औषधाने बरा होत नाही.

तिसरी गोष्ट मद्याची. इंग्लंडमध्ये व्यवसायनिहाय मृत्यूंच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून ठेवल्या जात आहेत. मद्यालये चालविणाऱ्यांमध्ये यकृताच्या विकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे त्यांतून पुनःपुन्हा दिसून आले. दारू समोर असणे, जागरणाचा शीण, घरापासून दूर राहणे आणि ग्लासांत उरलेले पिण्याची सहज संधी यांचा हा परिणाम होय. 'परमिट रूम'मध्ये नव्याने लागलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा पहिले वर्ष कसा काढतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. झिंगलेल्या गिऱ्हाइकांची अरेरावी व शिवीगाळ सोसणे हाही नोकरीचाच एक भाग समजला जातो. स्त्री-कामगारांना याहून अधिक सोसावे लागते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा त्यांनाही लागू आहे. जेथे दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अंतर्गत समिती नसेल, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचविली पाहिजे.

जेथे काम, तेथेच निवारा

बाहेरगावचा कामगार पुष्कळदा कामाच्या जागीच झोपतो. टेबले जोडून, पोटमाळ्यावर किंवा भटारखान्याच्या कडेला पथारी टाकली जाते. दाटीवाटीने झोपल्याने क्षयासारखे रोग फैलावतात. आग लागली, तर निसटण्यास वाट राहत नाही. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे मुंबईत साकीनाका येथील एका फरसाणाच्या दुकानास आग लागून १२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर अकरा दिवसांनी लोअर परळ येथील कमला मिलच्या आवारातील मद्यगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. दुसऱ्या दुर्घटनेची चर्चा अनेक वर्षे होत राहिली. पहिलीचे स्मरण क्वचितच होते.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागली. त्या आगीत २५ माणसे दगावली. त्यांत पर्यटक पाच होते. उरलेले वीस जण तेथील कामगार होते. पुष्कळांचा मृत्यू तळघराच्या भागात अडकून धुराने गुदमरल्यामुळे झाला. गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्याचे दार प्रशस्त आणि कामगारांची वाट अरुंद, अशी रचना असली की संकटकाळी कोणाचा जीव जाणार हे जणू आधीच ठरलेले असते.

कायदे आणि त्यांच्या मर्यादा

या कामगारांसाठी कायदे नाहीत, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांविषयीचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा नवा कायदा आला. त्यात साप्ताहिक सुटी व जादा कामास दुप्पट दराने वेतन यांची तरतूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कामगार संहितांत नियुक्तिपत्र, ठरावीक वयाच्या कामगारांची मोफत वार्षिक आरोग्यतपासणी आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण या गोष्टींचा समावेश आहे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबा व चहाच्या दुकानात कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी अधिक व्यापक झाली व शिक्षाही वाढली.

अडचण आहे ती संख्येची. चार-सहा माणसांवर चालणारा ढाबा किंवा खानावळ यांतील बहुतेक तरतुदींच्या बाहेर राहते, आणि ग्रामीण भागात अशीच आस्थापने अधिक आहेत. तेथे मालक स्वतःही त्याच भट्टीपाशी उभा असतो. त्याच्याविरुद्ध कारवाईची भाषा करण्यापेक्षा त्याला सोबत घेणे अधिक फलदायी ठरेल.

काय करता येईल?

यासाठी फार मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक तपासणी होतच असते. त्याच वेळी डॉक्टरांनी पाच प्रश्न अधिक विचारावेत : खोकला किंवा धाप आहे काय? हातापायांची त्वचा कशी आहे? कानांना नीट ऐकू येते काय? पाठ, गुडघे व पोटऱ्या दुखतात काय? झोप किती मिळते आणि तंबाखू-दारूची सवय लागली आहे काय? या प्रश्नांना खर्च लागत नाही. त्यांची उत्तरे एका तालुक्यातील शंभर कामगारांची जरी जमली, तरी त्या तालुक्यात काय करावयास हवे ते आपोआप स्पष्ट होईल.

आज अन्नसुरक्षा अधिकारी स्वच्छता पाहतो, कामगार विभागाचा सुविधाकार नोंदवह्या पाहतो, उत्पादन शुल्क विभाग परवाना पाहतो आणि अग्निशमन दल अग्निशामक पाहते. प्रत्येक जण आपापल्या वेळी येऊन जातो. जिल्हा पातळीवर या सर्वांनी वर्षातून एकदा एकत्र बसून आपापल्या पाहण्यांची देवाणघेवाण केली, तर कामगार झोपतात कोठे आणि मागचे दार उघडते काय, हे दोन प्रश्न कोणाच्याच यादीत नाहीत असे होणार नाही.

पंचायत सदस्यांच्या हाती बरेच काही आहे. हमरस्त्याला नवा ढाबा उभा राहताना बांधकाम, पाणी किंवा कर या निमित्ताने मालकाला ग्रामपंचायतीकडे यावेच लागते. धूर जाण्यास धुराडे आहे काय, सिलिंडर उघड्या हवेशीर जागी आहेत काय, बाहेर पडण्यास दोन वाटा आहेत काय आणि कामगारांसाठी संडास व झोपण्याची वेगळी जागा आहे काय, हे त्याच वेळी विचारावे. बांधून झाल्यावर भिंत फोडणे अवघड. आराखड्यात खिडकी काढणे सोपे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने वर्षातून एकदा दुपारच्या सवडीच्या वेळात तपासणी शिबिर घेता येईल. सकाळचे शिबिर या कामगारांच्या उपयोगाचे नाही.

शिक्षकांचे कार्य तर याही आधी सुरू होते. सुटीनंतर शाळेत न परतलेला मुलगा कोठे गेला, याची चौकशी सर्वप्रथम त्यांनाच करता येते. तो ढाब्यावर कप विसळताना आढळला, तर १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविता येते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईतील अनेक हॉटेल-कामगार पुढे रात्रशाळांतूनच शिकले. आजही या व्यवसायातील तरुणाला शिकावेसे वाटले, तर शाळेच्या वेळेने त्याच्या वेळेशी थोडी तडजोड करावयास हवी.

मालकवर्गालाही यात तोटा नाही. दर दोन-चार महिन्यांनी नोकर सोडून जातात, ही त्यांची नेहमीची तक्रार असते. आठवड्याला एकदा स्वच्छ केलेली धुराड्याची जाळी, भट्टीपाशी काम करणाऱ्यास ठरावीक वेळाने विसावा, पिण्यास लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, वेळेवर जेवण आणि बसण्यास एक स्टूल मिळाले, तर माणूस टिकतो, हे अनुभवी व्यावसायिक जाणतात.

हॉटेलात गेल्यावर टेबल स्वच्छ आहे की नाही, हे आपण सर्वच पाहतो. ते पुसणाऱ्या हाताला भेगा पडल्या आहेत काय, इकडेही थोडे लक्ष असावे. ज्याच्या हातचे अन्न आपण निर्धास्तपणे खातो, त्याला आपल्या कामाच्या जागी निर्धास्तपणे श्वास घेता यावा, एवढीच यामागील अपेक्षा आहे. ती पुरी करणे अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांना आपापल्या गावापासून सुरू करता येण्यासारखे आहे.